हात सुन्न होता तोवर सगळं छान होतं: डे-केअरमधल्या एका ब्लॉकचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या एका डे-केअर सेंटरमधलं आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत, पण घडलं ते असंच घडलं. भूल मी दिली होती. लिहायचं कारण एवढंच की ब्लॉक, म्हणजे नसांजवळ औषध देऊन तेवढाच भाग सुन्न करणं, कसा द्यायचा यावर आम्ही तासन्‌तास बोलतो, सोनोग्राफीचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतो, पण तो ब्लॉक रात्री घरी उतरतो तेव्हा काय होतं यावर फार कमी बोललं जातं. आणि डे-केअरमध्ये तर ती रात्र पूर्ण घरच्यांच्या हातात असते, आपण तिथे नसतो.

पार्श्वभूमी

६८ वर्षांच्या काकू, देवासच्या, जुनं मराठी घर. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळ्यावरून पाय घसरला आणि डाव्या हातावर पडल्या, मनगटाचं हाड मोडलं. तिथल्या डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं पण एक्सरेमध्ये हाड सरकलेलं दिसत होतं आणि सांध्यापर्यंत चीर गेलेली, त्यामुळे प्लेट टाकावी लागेल असं ठरलं आणि मुलगा त्यांना इंदूरला घेऊन आला.

काकूंची बाकीची यादी अशी. डायबेटिस बारा-तेरा वर्षांचा, गोळ्यांवर. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलेला, तेव्हापासून क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, चालू. आणि छाती. तरुणपणी कितीतरी वर्षं चुलीवर स्वयंपाक केलेला, आता जिना चढताना धाप लागते, दिवसातून दोनदा श्वासाचा पंप घेतात, साध्या हवेत ऑक्सिजन ९४. वजन ५८ किलो. स्वभाव अगदी गोड, आणि दुखणं अंगावर काढायची सवय. हे शेवटचं तेव्हा आम्ही कुठेही लिहून ठेवलं नव्हतं, पण या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

सेंटर डे-केअर म्हणजे सकाळी ॲडमिट, संध्याकाळपर्यंत घरी. रात्री एक आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, असतो, एखादा पेशंट ठेवायची वेळ आली तर दोन पलंग आहेत, पण ते अपवादासाठी.

अडचण काय होती

ऑपरेशन साधं, तासाभराचं. अडचण तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे होती: कमजोर फुप्फुसं, रक्त पातळ करणारी गोळी, आणि संध्याकाळी चाळीसेक किलोमीटरवर घरी जायचं. यातली एकेक वेगळी असती तर फार विचार करावा लागला नसता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय पूर्ण भूल. मुलाला तेच हवं होतं, म्हणाला आईला काही कळलंच नाही पाहिजे. देता आली असती, अशक्य अजिबात नव्हतं. पण अशा छातीत नळी किंवा एलएमए, म्हणजे घशात बसवायचा श्वासाचा मास्क, टाकला की श्वासनळ्या आकसायची भीती, नंतर खोकला, कफ, ऑक्सिजन खाली येणं, आणि मग दुखण्यासाठी द्यावी लागणारी अफूच्या जातीची इंजेक्शनं श्वास अजून मंद करतात. त्या संध्याकाळी घरी जाण्यासारख्या राहतील याची खात्री कमी झाली असती.

दुसरा बीअर ब्लॉक, म्हणजे हाताला डबल टूर्निके (रक्त अडवणारा फुगवायचा पट्टा) लावून शिरेतून लिग्नोकेन हे सुन्न करणारं औषध. १९०८ साली आऊगुस्ट बीअरने काढलेली पद्धत आणि आजही छोट्या कामांना उत्तम. पण त्यात आधी हात रबरी पट्टीने घट्ट गुंडाळून रक्त वर चढवावं लागतं, मोडलेल्या मनगटावर ते करणं म्हणजे छळ. शिवाय टूर्निके सोडला की थोड्याच वेळात सुन्नपणा संपतो, नंतरच्या दुखण्याला काहीच उरत नाही. तासाभराच्या प्लेटच्या कामाला मला ते पटलं नाही.

तिसरा, नुसती जागेवरची भूल, लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन मिसळून, टूर्निके न लावता. मनगटाच्या प्लेटी अशा पद्धतीने बऱ्याच ठिकाणी बसवतात आता, आणि अशा पेशंटला ती खरंच सोयीची. पण आमच्या सर्जन सरांना त्या पद्धतीचा सराव नव्हता आणि सांध्यात चीर असलेल्या केसवर पहिल्यांदा करून बघायला ते तयार नव्हते. त्यांचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

उरला ब्रेकियल प्लेक्सस ब्लॉक, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचा जुडगा सुन्न करायचा. आता तो कुठून द्यायचा हा खरा प्रश्न. मानेतून दिलेला इंटरस्केलीन खांद्यासाठी असतो, मनगटाला तो नीट पुरतही नाही आणि त्या बाजूचा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, जवळजवळ हमखास लुळा पडतो. काकूंसाठी तो विषयच नव्हता. गळपट्टीच्या हाडाच्या वरून दिलेला सुप्राक्लॅव्हिक्युलर हा बहुतेक जणांचा आवडता, माझाही, कारण एकाच जागी सगळ्या नसा मिळतात, लवकर चढतो आणि पेशंटचा दुखरा हात हलवावा लागत नाही. पण त्यातही डायफ्रामची नस बऱ्याच वेळा सापडते. औषध कमी घातलं तर शक्यता कमी होते, शून्य होत नाही. धडधाकट माणसाला एका बाजूचा डायफ्राम काही तास बसला तर कळतही नाही, पण जिची श्वासाची शिल्लक आधीच थोडी तिची त्यातली पावेक तरी जाऊ शकते, आणि ती संध्याकाळी देवासच्या वाटेवर, एबी रोडवर, गाडीत असणार. हाडाच्या खालून दिलेला इन्फ्राक्लॅव्हिक्युलर खोल पडतो, आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना तिथे रक्तवाहिनीला सुई लागली तर बाहेरून दाबून धरायला जागा नाही.

म्हणून काखेतला, ॲक्झिलरी. १९११ मध्ये जर्मनीत हिर्शेल यांनी त्वचेवरून पहिल्यांदा दिला तो हाच. डायफ्रामच्या नसेपासून लांब, फुप्फुसाला सुई लागायची भीती नाही, रक्तवाहिनी वरवर आहे, काही झालंच तर बोटाने दाबून धरता येते. तोटे पण आहेत. हात बाजूला ताणून वर घ्यावा लागतो, मोडलेल्या हाताला ते दुखतं. चार नसा वेगवेगळ्या शोधाव्या लागतात, मस्क्युलोक्यूटेनियस नस तर बाकीच्या तिघींपासून लांब स्नायूत बसलेली असते. आणि चढायला वेळ लागतो.

क्लोपिडोग्रेल बंद करायचं का यावर कार्डिऑलॉजिस्टशी बोलणं झालं. पाठीतून सुई द्यायची असती तर पाच ते सात दिवस आधी बंद करावंच लागलं असतं. काखेत तशी गरज नाही, आणि ऑपरेशन आठवडाभर ढकललं तर हाड सरकलेल्या जागी चिकटायला लागतं. चालू ठेवायचं ठरलं.

कोणतं औषध, हा दुसरा निर्णय

यावर तेव्हा माझा फार वेळ गेला नाही, आता जातो.

लिग्नोकेन ॲड्रेनलिनसोबत दिलं असतं तर पंधरा मिनिटांत चढलं असतं आणि दोन-तीन तासांत उतरलं असतं, म्हणजे काकू सेंटरमध्ये असतानाच दुखायला लागलं असतं आणि आमच्यासमोर त्याचा बंदोबस्त झाला असता. रोपिव्हाकेन दिलं तर दहा-बारा तास आराम, त्यात शिरेतून डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड दिलं तर अजून थोडे तास. बघायला गेलं तर दुसरा पर्याय जास्त दयाळू वाटतो, म्हातारं माणूस, जेवढा वेळ दुखणार नाही तेवढं चांगलं. मी रोपिव्हाकेन निवडलं. डेक्सामेथासोनचा ४ मिलिग्रॅमचा डोस द्यायचं ठरलं, ८ चा नको कारण त्याने शुगर वाढते.

काय काय केलं

डायबेटिस म्हणून काकूंना लिस्टवर पहिलं घेतलं. रात्री हलकं जेवण, सकाळी सहाला साधं पाणी, शुगरची सकाळची गोळी नाही, पंप मात्र घेऊन यायला सांगितलं. सकाळची शुगर १५२. ॲडमिट झाल्या झाल्या पॅरासिटामॉल दिलं.

सुई लावायच्या आधी थांबून बाजू मोठ्याने तपासायची, डावा हात, सर्जनची खूण, कन्सेंटवर डावा, काकूंना पण विचारायचं कोणता हात. इंग्लंडमध्ये हीच गोष्ट मोहीम म्हणून चालवली जाते कारण चुकीच्या बाजूला ब्लॉक दिल्याचे प्रकार होत राहतात, आणि ते बहुतेक घाईत किंवा पेशंटची कूस बदलल्यावर होतात. आमच्या इथे सिस्टर हे न चुकता करतात, त्यांनी हात वर केल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

हात बाजूला घेताना दुखू नये म्हणून फेंटानिल (अफूच्या जातीचं इंजेक्शन) २५ मायक्रोग्रॅम आणि मनगटाखाली उशी. झोपेचं इंजेक्शन दिलं नाही, काकू गप्पा मारत होत्या, नातवाच्या बारावीचं सांगत होत्या, त्यांना झोपवायची गरजच नव्हती. ८:५० ला ब्लॉक. सोनोग्राफीत धमनीभोवतीच्या तीन नसा आणि स्नायूतली चौथी दिसली, रोपिव्हाकेन ०.५ टक्के एकूण २० मिली, दर थोड्या मिलीला सुई मागे ओढून बघायची. टूर्निके दंडावर बसणार होता, आणि दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा या ब्लॉकमध्ये सुन्न होत नाही, तिची नस छातीकडून येते. म्हणून काखेत त्वचेखाली लिग्नोकेन १ टक्का ४ मिली वेगळं दिलं. लिपिड इमल्शन २० टक्क्यांची बाटली खोलीतच होती, सुन्न करणारं औषध रक्तात गेलं आणि झटके आले किंवा हृदय अडखळलं तर हे इमल्शन वजनाप्रमाणे किलोला दीड मिली लगेच द्यायचं असतं, म्हणजे काकूंना ८७ मिली, आणि हा आकडा आम्ही आधीच बोर्डावर लिहून ठेवतो, कारण त्या क्षणी गुणाकार सुचत नाहीत.

वीस मिनिटांनी स्पिरिटच्या बोळ्याने तपासलं. तीन नसा मस्त, पण हाताच्या मागे अंगठ्याच्या बाजूला काकू म्हणाल्या, "अगं, इथे अजून थोडं गार लागतंय." म्हणजे रेडियल नस अर्धवट.

आता इथे एक छोटा पण महत्त्वाचा निर्णय. सर्जन हात धुवून तयार, पुढच्या केसचा पेशंट बाहेर बसलेला, आणि सर म्हणाले चीर तर समोरून आहे, चालेल ना? चीर समोरून असते हे खरं, पण हाडाच्या मागच्या बाजूला आणि सांध्याला रेडियलची फांदी जाते, स्क्रू मागच्या बाजूपर्यंत पोचतात, त्या वेळी दुखलं असतं. मग मध्यातच इंजेक्शनं देत सुटायचं, काकू अर्धवट झोपेत, श्वास मंद, आणि ज्यासाठी पूर्ण भूल टाळली तेच मागच्या दाराने आत आलं असतं. मी दहा मिनिटं मागितली. कोपराच्या जरा वर रेडियल नस वेगळी शोधून ४ मिली रोपिव्हाकेन दिलं. सगळं मिळून औषध मर्यादेच्या आत होतं, दोन्ही औषधांचे डोस एकत्र धरूनच मोजायचे असतात, वेगवेगळे मोजले तर दोन्ही सुरक्षित दिसतात आणि बेरीज होत नाही. पंधरा मिनिटांनी पूर्ण सुन्न.

ऑपरेशन पाऊण-एक तासात झालं. काकू जाग्या, ऑक्सिजन ९६ ते ९७, श्वास आधीसारखाच. टूर्निकेची तक्रार नाही. ११ ला बाहेर, साडेअकराला चहा-बिस्किट, दुपारी मुलाने आणलेले पोहे खाल्ले. साडेतीनला डिस्चार्जचे सगळे निकष बसत होते, चालत होत्या, मळमळ नाही, दुखणं शून्य. हात सुन्न असताना घरी सोडणं हे वरच्या अंगाच्या ब्लॉकमध्ये मान्य आहे, पायाचं जरा वेगळं, तिथे पडायची भीती असते.

सूचना दिल्या त्या अशा. हात झोळीत ठेवा, गरम वस्तूला, गॅसला लावू नका, कळणार नाही. गोळ्या लिहून दिल्या, पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा, आणि जास्त दुखलं तर ट्रॅमाडॉल, तीही अफूच्या जातीचीच. सूज आणि दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या दिल्या नाहीत कारण क्लोपिडोग्रेल, वय, डायबेटिस, पोटातून रक्त जायची आणि किडनीची भीती. हे सगळं रिकव्हरीत मुलाला समजावलं, इंग्रजीतला छापील कागद दिला. सिस्टर काकूंना जाताना प्रेमाने म्हणाल्या, "अम्मा, दर्द हो तो गोली ले लेना."

रात्री काय झालं

पाचला घरी पोचले. मुलगा कारखान्यात रात्रपाळीला असतो, तो जेवून गेला. घरी सूनबाई आणि नातू. कागद मुलाच्या खिशातून टेबलावर आला होता पण कुणी वाचला नाही. रात्री आठला सूनबाईंनी गोळीचं विचारलं तर काकू म्हणाल्या, अजिबात दुखत नाही, मग उगाच गोळी कशाला, आधीच मुठीभर खाते, पित्त होतं मला. पंप आणि शुगरच्या गोळ्या घेतल्या आणि झोपल्या. झोपेत हात झोळीतून निघून पलंगाच्या कडेला लोंबकळत राहिला, सुन्न असल्यामुळे कळलं नाही.

साडेअकराच्या सुमारास मुंग्या यायला लागल्या आणि अर्ध्या-पाऊण तासात दुखणं शून्यावरून थेट टोकाला गेलं. पावणेएकला सूनबाईंचा फोन सेंटरवर, आरएमओने मला जोडून दिला. "मॅडम, आईंना खूप दुखतंय हो, रडताहेत. त्या कधी रडत नाहीत."

ब्लॉक उतरताना असं होतं हे माहितीचं आहे, रिबाउंड पेन म्हणतात. मनगटाच्या फ्रॅक्चरवर झालेल्या अभ्यासात दिसलंय की ब्लॉकवाल्यांना पहिल्या दोन तासांत जवळजवळ दुखत नाही, पण १२ ते २४ तासांच्या मधे ते पूर्ण भुलीवाल्यांपेक्षा जास्त दुखणं सांगतात. ज्यांना पूर्ण भूल असते त्यांचं दुखणं रिकव्हरीत जागं होतं, तिथेच औषध चालू होतं, शरीराला हळूहळू सवय होते. ब्लॉकवाल्याला कुठलीच तयारी नसताना सगळं एकदम समोर येतं.

पण फोनवर ऐकून "रिबाउंड आहे, गोळी द्या, झोपा" असं म्हणणं धोक्याचं होतं. ताजं फ्रॅक्चर, ताजी प्लेट, वरून पट्टी, रक्त पातळ करणारी गोळी चालू, त्यामुळे आत रक्त साचून हाताच्या स्नायूंवर दाब वाढत असेल तर, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम, तेही असंच सुरू होतं, न आवरणाऱ्या दुखण्याने. तिथे काही तास वाया गेले तर हात कायमचा जातो. आणि ब्लॉकमुळे त्याची सुरुवातीची लक्षणं झाकली गेलेली असू शकतात.

म्हणून व्हिडिओ कॉल लावला आणि सर्जन सरांनाही त्यात घेतलं. सूनबाईंना मानलं पाहिजे, घाबरल्या होत्या पण सांगितलं ते एकेक नीट केलं. बोटं दाखवा: सुजलेली पण गुलाबी. नख दाबून सोडा: रंग लगेच परत आला. बोटं गरम आहेत का: आहेत. आता एकेक बोट हळूच सरळ करा: काकू मनगटात दुखतं म्हणाल्या, पण कोपराखालच्या मांसात कळ गेली नाही. ही तपासणी महत्त्वाची, दाब वाढलेला असेल तर बोट ताणलं की तिथे जीव जातो. अंगठा आणि पहिल्या बोटाला मुंग्या होत्या. हे ब्लॉकचं उरलेलं की मधल्या नसेवर दाब, ते त्या क्षणी सांगता येत नव्हतं.

समोर तीन रस्ते होते. लगेच गाडी करून इंदूरला बोलवायचं, तिथल्याच कुठल्या दवाखान्यात पाठवायचं, की घरीच उपाय करून तासाभराने परत बघायचं. पाऊस चालू होता, मुलगा कामावर. सर म्हणाले बोटं चांगली आहेत, आधी पट्टी सोडा. वरचं क्रेप आणि आतला कापूस लांबीत कापून कातडीपर्यंत मोकळं करायला सांगितलं, कच्चं प्लास्टर खाली तसंच. हात दोन उशांवर, छातीच्या वर. पॅरासिटामॉल १ ग्रॅम, सोबत ट्रॅमाडॉल ५० आणि उलटीची गोळी, थोडं दूध-बिस्किट खाऊन. आणि स्पष्ट अट: एका तासात निम्मंही कमी झालं नाही, किंवा मुंग्या वाढल्या, किंवा बोट ताणल्यावर कळ वर गेली, तर वाट न बघता निघायचं, मुलाला आत्ताच फोन करून घरी बोलवून ठेवा, गाडी तयार ठेवा. आरएमओला सांगून ओटीचा स्टाफ पण ठरवून ठेवला.

ट्रॅमाडॉल या छातीला द्यायचं की नाही याचा मी विचार केला. ५० हा लहान डोस, सोबत माणूस जागं, आणि रडत-कण्हत रात्र काढणारी हृदयाची पेशंट हाही धोकाच आहे. दिलं, पण पुढचा डोस सकाळी मला विचारल्याशिवाय नाही असं सांगितलं.

पावणेदोनला परत कॉल. दुखणं दहापैकी नऊवरून चार-पाचवर. मुंग्या गेलेल्या, अंगठ्याला हात लावलेला नीट कळत होता, म्हणजे त्या ब्लॉकच्याच होत्या. बोटं हलत होती. मुलगा येऊन पोचला होता. अडीचला काकू झोपल्या, मुलाला जागं राहून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं.

निष्पन्न काय झालं

सकाळी सर्जनने तपासलं, सगळं जागेवर, पट्टी परत सैलसर बांधली. शुगर २३० च्या वर होती, डेक्सामेथासोनचा त्यात वाटा असणारच, दोन दिवसांत खाली आली. छातीचा काहीच त्रास नाही, आणि ॲक्झिलरी निवडण्याचं कारण तेच होतं, ते साधलं. काखेत निळसर डाग सुद्धा नव्हता. सहा आठवड्यांनी मूठ वळत होती, फिजिओ चालू होती.

काकूंना नंतर विचारलं तर म्हणाल्या, ऑपरेशनचं काही नाही गं, पण रात्री मला वाटलं आत काहीतरी तुटलंय, प्लेट निसटलीय. दुखेल असं मला कुणी बोललंच नव्हतं, सगळे म्हणत होते दुखणार नाही, दुखणार नाही.

हे वाक्य मी आमच्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. दुखण्यापेक्षा तिला त्या भीतीचा त्रास जास्त झाला होता.

वेगळं काय करता आलं असतं

गोळी घड्याळावर. याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. ब्लॉक चालू असतानाच गोळ्या रक्तात असल्या पाहिजेत. निघताना एक डोस आमच्यासमोर, रात्री जेवणासोबत दुसरा, दुखो न दुखो, आणि झोपताना तिसऱ्याची वेळ लिहून दिलेली. "दुखलं तर घ्या" ही सूचना ब्लॉकच्या पेशंटला लागूच होत नाही, कारण त्याला दुखतं तेव्हा उशीर झालेला असतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, की पेशंट ऐकेल का? न दुखणाऱ्या हातासाठी गोळी खा म्हटलं की आपल्याकडची माणसं, विशेषतः त्या वयाच्या बायका, खात नाहीत. म्हणून कारण सांगावं लागतं: काकू, रात्री अकरा ते दोनच्या मधे हात जागा होईल, खूप दुखेल, प्लेट निसटलेली नसते, घाबरायचं नाही, पण गोळी आधीच पोटात असली तर निम्म्यावर निभावेल. हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

सांगायचं कुणाला? डिस्चार्जच्या वेळी जो पैसे भरतो आणि गाडी आणतो त्याला आपण समजावतो, आणि रात्री पेशंटजवळ दुसरंच कुणी असतं. आता आमच्याकडे विचारतात, आज रात्री घरात जवळ कोण झोपणार? ती व्यक्ती आली नसेल तर फोनवर तिलाच सांगायचं. कागद मराठी आणि हिंदीत केला, मोठ्या अक्षरात, वर वेळा आणि खाली चार धोक्याची लक्षणं, बोट सरळ करून बघायची रीत चित्रासकट. सिस्टरांचं वाक्य पण बदललं, "दर्द न हो तब भी नौ बजे गोली लेनी है".

रात्री नऊचा फोन. ब्लॉक घेऊन गेलेल्या प्रत्येकाला आरएमओ फोन करतो: गोळी घेतली का, हात उशीवर आहे का. काकूंच्या बाबतीत हा एक फोन गेला असता तर गोळी न घेतल्याचं आणि हात लोंबकळतोय हे दोन्ही तिथेच कळलं असतं.

औषधाच्या निवडीवर आमच्यात एकमत नाही. माझं मत आता असं झालंय की लांब जाणाऱ्या पेशंटला काखेत लिग्नोकेन द्यावं आणि कोपराजवळ मीडियन आणि रेडियल नसांवर थोडंसं रोपिव्हाकेन. मग संध्याकाळी दंड आणि कोपर पेशंटच्या ताब्यात येतो, हात लोंबकळत राहत नाही, आणि मनगट मात्र रात्रीपर्यंत सुन्न राहतं. पण यातही उतरण्याची वेळ रात्रीचीच राहते, हे माझे सहकारी बरोबर दाखवतात. त्यांचं म्हणणं, नुसतं कमी वेळाचं औषध द्या, दुखणं आमच्यासमोर दुपारी चारला येऊ द्या, त्याला औषधांनी बसवा आणि मग घरी सोडा. आरामाचे तास कमी होतील पण रात्र शांत जाईल. तरुण, एकट्याने राहणाऱ्या पेशंटला हे मी आता करते. काकूंसारखी पेशंट मात्र, जिला दुखण्याची तगडी औषधं देता येत नाहीत, तिचं दुखणं दुपारी चारला बसवायचं कशाने, याचं समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे पण नाही. नसेजवळ बारीक नळी ठेवून पंपाने दोन दिवस औषध चालू ठेवणं हा उपाय पुस्तकात छान दिसतो, पण देवासला ती नळी सरकली, भिजली तर बघणार कोण, आणि खर्चही आहे.

आणि एक रात्र ठेवून घेणं? दोन पलंग होते. त्या दिवशी ठेवायचं एकही ठरलेलं कारण कागदावर सापडत नव्हतं, सगळे निकष उत्तम होते, पण ते निकष दुपारी साडेतीनच्या पेशंटचे होते. आता आम्ही यादीत एक ओळ वाढवली आहे: ब्लॉक मध्यरात्री उतरणार, घर शहराबाहेर, आणि फ्रॅक्चरचं ऑपरेशन, हे तिन्ही असेल तर राहायचा पर्याय घरच्यांसमोर खर्चासकट आदल्या दिवशीच ठेवायचा, डिस्चार्जच्या घाईत नाही. बरेच जण तरीही घरी जाणंच पसंत करतात, आणि मग नऊचा फोन आणि मराठी-हिंदीतला कागद त्यांच्यासोबत जातो.